दात काढल्यावर काय खावे, हे नीट सांगितले जावे

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दात किंवा दाढ काढणे ही आता तालुक्याच्या गावीही रोज होणारी, जागेवर भूल देऊन केली जाणारी आणि बहुतेक वेळा थोडक्यात आटोपणारी शस्त्रक्रिया झाली आहे. परंतु रुग्ण खुर्चीवरून उठून घरी गेल्यानंतर पुढचा आठवडाभर त्याने खायचे काय, या प्रश्नाला अजूनही एका वाक्यापलीकडे उत्तर मिळत नाही. “मऊ आणि गार खा, तिखट टाळा, आइस्क्रीम चालेल,” एवढे सांगून रुग्णाला निरोप दिला जातो. हे सांगणे चुकीचे नाही. पण ज्या घरात संध्याकाळी भाकरी, पालेभाजी आणि ठेचा होणार आहे, त्या घरात स्वयंपाक करणाऱ्या माणसाला त्यावरून रात्रीच्या जेवणाचे काहीच ठरवता येत नाही. मग एक तर रुग्ण चहात बुडवलेल्या बिस्किटांवर आणि दुधावर दिवस काढतो व अशक्त होतो, नाहीतर दुसऱ्याच दिवशी नेहमीच्या ताटावर बसून जखम दुखावून घेतो. कनिष्ठ महाविद्यालयात आहारशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या आजारपणात स्वयंपाकाची बाजू मी सांभाळत आले आहे, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

आहाराची सगळी पथ्ये मुळात एकाच गोष्टीसाठी आहेत. दात निघाल्यावर जबड्याच्या हाडात जो खळगा उरतो, त्यात रक्त साकळून गुठळी तयार होते. उघड्या पडलेल्या हाडावर आणि तेथील नसांच्या टोकांवर ही गुठळी झाकणासारखी बसते आणि तिच्याच आधाराने जखम आतून भरू लागते. साधारण आठवड्याभरात गुठळीची जागा कोवळे मांस घेऊ लागते, तीन-चार आठवड्यांत वरून हिरडी मिटत येते आणि आतले हाड भरून यायला काही महिने लागतात. सुरुवातीच्या दिवसांत ही गुठळी निघून गेली किंवा विरघळली, तर हाड उघडे पडते आणि कानशिलापर्यंत जाणारा ठणका सुरू होतो. दंतवैद्य याला ड्राय सॉकेट म्हणतात. साध्या पद्धतीने काढलेल्या दातांच्या बाबतीत शंभरांतील दोन ते पाच वेळा हा त्रास होतो आणि खालच्या अक्कलदाढेच्या बाबतीत त्याचे प्रमाण बरेच अधिक असते. तोंडाने जोरात ओढून पिणे, पुन्हापुन्हा थुंकणे, खळखळून चूळ भरणे, कढत पदार्थ खाणे आणि टोचणारे कण खळग्यात जाणे या गोष्टींपासून गुठळीला जपायचे असते. एवढे कारण रुग्णाला समजावून सांगितले, तर समोर आलेला पदार्थ खावा की नाही, हे तो पुष्कळदा स्वतःच ठरवू शकेल.

सुरुवात खरे तर दात काढण्यापूर्वीच्या जेवणापासून व्हायला हवी. शस्त्रक्रिया म्हटली की उपाशीपोटी जायचे, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे, आणि पूर्ण गुंगी देऊन करायच्या शस्त्रक्रियेच्या बाबतीत ती बरोबरही आहे. परंतु हिरडीत इंजेक्शन देऊन तेवढीच जागा बधिर करायची असेल, तर दंतवैद्यांनी वेगळे काही सांगितलेले नसल्यास रुग्णाने व्यवस्थित जेवून जाणेच योग्य असते. उपाशी आणि घाबरलेल्या माणसाला खुर्चीतच घेरी येते, आणि नंतर कापूस दाबून बसण्यात व भूल उतरण्यात आणखी काही तास जातात. सकाळपासून पोटात अन्न नसलेला माणूस अशा रीतीने संध्याकाळपर्यंत उपाशी राहतो. वरण-भात आणि मऊ पोळी असे साधे जेवण करून, दात घासून जाणे हे सर्वांत चांगले.

दात काढल्यावर कापसाचा किंवा गॉझचा बोळा साधारण अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरायचा असतो आणि या काळात येणारी लाळ थुंकायची नसून गिळायची असते. भूल पूर्ण उतरेपर्यंत, म्हणजे सामान्यतः दोन ते चार तास, चावून खाण्यासारखे काहीही देऊ नये आणि गरम तर मुळीच देऊ नये. कारण ओठ, गाल आणि जीभ बधिर असताना चटका बसला तरी कळत नाही आणि गाल चावला गेला तरी कळत नाही. लहान मुलांच्या बाबतीत हे विशेष सांभाळावे लागते. ओठ जड लागतो म्हणून मुले तो गंमतीने चावत राहतात आणि भूल उतरल्यावर दाताच्या जखमेपेक्षा ओठाच्या जखमेने अधिक रडतात.

त्यानंतरचा पहिला घास कशाचा असावा? माझे मत विचाराल, तर निवलेल्या पेजेचा. तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून, घोटून, मीठ आणि चमचाभर तूप घालून केलेली पेज चावावी लागत नाही, खळग्यात अडकत नाही आणि पोटाला आधार देते. कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज घरोघरी असतेच. फक्त त्या तांदळाचे शीत जाड आणि चिवट राहते, म्हणून पहिल्या दिवशी ती घोटून किंवा मिक्सरमधून काढून द्यावी. घाटावर मुगाच्या डाळीचे कढण किंवा तांदळाच्या रव्याची कण्हेरी करावी. नाचणीचे सत्त्व दुधात शिजवून निववले, तर तेही उत्तम. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते आणि पचायला ती हलकी असते. आइस्क्रीमला माझा विरोध नाही, गारव्याने दुखऱ्या जागेला बरेही वाटते, परंतु त्यात काजू-बदामाचे तुकडे किंवा चॉकलेटचे दाणे नसावेत आणि ते जेवणाच्या जागी धरले जाऊ नये. कोनातून चाटून किंवा काडीवरचे चोखून न खाता ते वाटीत घेऊन चमच्याने खावे.

पिण्याच्या बाबतीत आपल्या सवयी नेमक्या आड येतात. आजारी माणसाला शहाळे आणून देण्याची आपली पद्धत चांगली आहे, पण शहाळेवाला त्यात नळी घालून देतो आणि नळीने ओढताना तोंडात जी पोकळी निर्माण होते, तिने गुठळी जागची हलू शकते. शहाळ्याचे पाणी भांड्यात ओतून, घोट घोट प्यावे. ताक, पन्हे, उसाचा रस यांनाही हेच लागू आहे, आणि त्यातही पहिले दोन दिवस आंबट ताक व पन्हे टाळलेले बरे, कारण ते जखमेला झोंबते. आंब्याच्या दिवसांत आंबा चोखून खाऊ नये, रस काढून वाटीत घ्यावा. शेवग्याची शेंग, ऊस, मटणाची नळी असे चोखून खायचे सगळे पदार्थ आठवडाभर बाजूला ठेवावेत. चहाचे व्यसन ज्यांना आहे, त्यांनी चहा सोडण्याची गरज नाही. तो बशीत ओतून पूर्ण निवू द्यावा आणि फुरका न मारता प्यावा.

याहूनही अवघड आहे ती जेवणानंतरची चूळ. जेवण झाले की हात धुऊन खळखळून चूळ भरल्याशिवाय आपल्याकडे तोंड स्वच्छ झाले असे कोणाला वाटत नाही, आणि लहानपणापासून अंगवळणी पडलेली ही सवय, एरवी दातांना हितकारकच असलेली, नेमकी पहिल्या चोवीस तासांत घातक ठरते. त्या दिवशी जेवणानंतर केवळ पाण्याचे दोन-तीन घोट प्यावेत. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ विरघळवून ते तोंडात घ्यावे, मान हळूच दोन्ही बाजूंना कलती करावी आणि पाणी जोराने न थुंकता तोंडातून ओघळू द्यावे. असे प्रत्येक खाण्यानंतर करावे, म्हणजे अन्नाचे कण राहत नाहीत. या बारीकसारीक गोष्टी कोणी सांगितल्याशिवाय सुचत नाहीत, आणि वृद्ध माणसांना तर घरच्यांनी प्रत्येक जेवणानंतर त्यांची आठवण करून द्यावी लागते.

आता स्वयंपाकघरातील मुख्य मुद्द्याकडे येते. मऊ असलेला प्रत्येक पदार्थ या दिवसांत सोयीचा असतोच असे नाही. कांदेपोहे मऊ असतात, पण त्यांतील मोहरी, शेंगदाणे आणि ओल्या खोबऱ्याचा कीस खळग्यात जाऊन बसतो आणि चूळ न भरता तो निघत नाही. साबुदाण्याची खिचडी चिकट असते आणि तिच्यात दाण्याचे भरड कूट असते. उपमा चांगला, पण तो फोडणीतल्या मोहरी-उडदाच्या डाळीशिवाय केला तरच. टोमॅटो आणि पेरू यांच्या बिया, तीळ, खसखस, भरड जिरे, वाटणातील धने हे सगळे कण लहान दिसले, तरी ताज्या जखमेत ते वाळूच्या खड्यांइतके टोचतात. आपल्या स्वयंपाकात फोडणीवाचून काही होत नाही, असे म्हटले तरी चालेल. म्हणून रुग्णाच्या जेवणाची खरी गुरुकिल्ली फोडणीच्या आधीच त्याचा वाटा काढून ठेवण्यात आहे. वरण शिजून घोटले की हिंग, हळद, मीठ आणि कणभर गूळ घालून त्यातील दोन वाट्या बाजूला काढाव्यात आणि उरलेल्या वरणाला घरच्यांसाठी खुशाल लसूण-मिरचीची फोडणी द्यावी. दुधी, लाल भोपळा, पडवळ, बटाटा यांच्या भाज्यांचेही असेच करता येते. फोडी शिजल्या की रुग्णापुरत्या कुस्करून तुपावर परताव्यात. स्वतंत्र स्वयंपाक करावा लागत नाही म्हणून घरातील बाईवर कामाचा बोजा वाढत नाही, आणि रुग्णालाही सगळ्यांच्या पंगतीला बसून तेच अन्न खाल्ल्याचे समाधान मिळते. आजाऱ्याला वेगळे बसवून पांढरा भात वाढला की त्याची भूक मरते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

भाताचेच पाहा. पहिल्या दिवशी पेज, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गुरगुट्या भात, त्यानंतर आसट भात आणि मग नेहमीचा भात, अशी पायरी आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या बाळंतिणीसाठी, तापकऱ्यासाठी आणि दात येणाऱ्या बाळासाठी वापरली गेली आहे. तीच येथे जशीच्या तशी उपयोगी पडते. गुरगुट्या भातावर मेतकूट आणि लोणकढे तूप घालून कालवले, की ज्याची तोंडाची चव गेली आहे असा माणूसही चार घास अधिक जेवतो. मेतकुटात हरभऱ्याची आणि उडदाची डाळ असते, त्यामुळे चवीबरोबर थोडी प्रथिनेही मिळतात. ते बारीक चाळणीने चाळून घ्यावे एवढेच. तांदळाची उकड हा आणखी एक पदार्थ मला या प्रसंगासाठी फार योग्य वाटतो. गोडसर ताकात तांदळाचे पीठ कालवून, आले वाटून घालून, मिरची वगळून ती केली आणि कोमट असताना खाल्ली, तर पोट भरते आणि जबडा हलवावा लागत नाही. ज्वारी-बाजरीच्या भाकरीची सवय असलेल्या माणसाला भातावर तृप्ती होत नाही, ही अडचण खरी आहे. त्यांच्यासाठी ताज्या भाकरीचा पापुद्रा आणि कडक कडा काढून, आतला भाग कोमट दुधात किंवा पातळ, बिनतिखट वरणात चांगला भिजवून कुस्करावा. पोळीचेही तसेच करावे. ज्वारीच्या पिठाची आंबील, न आंबवता केलेली, हाही मार्ग आहे. सकाळच्या खाण्याला दुधात भिजवून कुस्करलेली इडली, बिनखोबऱ्याचे मऊ घावन, रव्याची पातळ खीर किंवा भरपूर पाण्यात शिजवलेली, बेदाणे-काजू न घातलेली गव्हाच्या रव्याची लापशी करता येते.

पेज आणि दूध यांवर एक-दोन दिवस निघतात, पण जखम भरून यायला प्रथिने लागतात आणि पातळ पेजेत ती फारशी नसतात, हे विसरता कामा नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे साठ किलो वजनाच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. शंभर ग्रॅम मुगाच्या डाळीत सुमारे २४ ग्रॅम, एका अंड्यात सहा ते सात ग्रॅम आणि पेलाभर दुधात साधारण तेवढीच प्रथिने मिळतात. तेव्हा दुसऱ्या दिवसापासून मुगाची पातळ खिचडी, घट्ट वरण, ताजे गोड दही आणि कुस्करलेले पनीर ताटात आले पाहिजे. अंडे चालत असेल, तर मऊ उकडून किंवा दूध घालून कमी आचेवर हलवून द्यावे. मासे खाणाऱ्यांना पापलेटसारखा मऊ मासा शिजवून, काटे हाताने नीट तपासून काढून, भातात कालवून देता येतो. कोळंबी मात्र चिवट असते, ती थांबवावी. फळांत पिकलेले केळे, पपई, बिया काढलेला चिकू आणि वाफवून कुस्करलेले सफरचंद योग्य. सीताफळ आणि डाळिंब बियांमुळे नकोत. जखमेला ‘क’ जीवनसत्त्वही लागते, पण लिंबू किंवा संत्रे झोंबते, म्हणून पहिल्या दिवसांत पिकलेल्या पपईवर विसंबलेले बरे.

येथे एका समजुतीबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते. भात, डाळ किंवा दूध खाल्ल्याने जखमेत पू धरतो, अशी धारणा अनेक घरांत आहे आणि त्यापायी नेमके सर्वांत सोयीचे अन्न रुग्णाला नाकारले जाते. पू होतो तो जंतुसंसर्गामुळे, भातामुळे किंवा वरणामुळे नव्हे. सासरच्या किंवा माहेरच्या वडील माणसांनी प्रेमानेच घातलेले हे पथ्य मोडायला सुनेची किंवा मुलीची जीभ रेटत नाही. दंतवैद्यांनी स्वतः ते स्पष्ट शब्दांत सांगितले, तर तिचे काम सोपे होईल.

मधुमेही रुग्णांचा प्रश्न यापेक्षा गंभीर आहे. माझ्या थोरल्या बंधूंची खालची दाढ काढली, तेव्हा दवाखान्यातून मिळालेल्या इंग्रजी छापील कागदावर सूप, स्मूदी, मॅश्ड पोटॅटो आणि आइस्क्रीम अशी नावे होती. ते मधुमेही आहेत हे तेथील कागदांवर नोंदलेले होते, तरी जेवण कमी झाल्यास नेहमीच्या गोळ्यांचे काय करायचे, याबद्दल त्यांना कोणी अवाक्षर सांगितले नाही. त्या कागदावरचे काहीच घरात होत नसल्यामुळे त्यांनी दूध पिऊन रात्र काढायचे ठरवले, साखर कमी करणारी गोळी मात्र वेळेवर घेतली, आणि मध्यरात्री त्यांना दरदरून घाम सुटून हातपाय कापू लागले. वहिनींनी प्रसंगावधान राखून त्यांना साखरेचे पाणी दिले म्हणून पुढचा अनर्थ टळला. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या माणसाने अन्न न घेता औषध घेतले, की रक्तातील साखर दर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली जाण्याचा धोका असतो. अशा रुग्णांनी दात काढण्याआधीच आपल्या डॉक्टरांना औषधाच्या मात्रेबद्दल विचारावे, दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे खावे, आणि घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे अशी लक्षणे दिसल्यास तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनीही त्या आपल्या मनाने बंद करू नयेत किंवा चालू ठेवू नयेत. दोन्ही बाबतींत विचारणेच योग्य.

वेदनाशामक गोळ्यांचेही अन्नाशी नाते आहे. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक उपाशीपोटी घेतल्यास पोटात जळजळते. म्हणून गोळीपूर्वी निदान वाटीभर खिचडी किंवा दूध-पोळी पोटात गेली पाहिजे. मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक सुरू असताना तोंडाला धातूसारखी चव येते आणि मळमळते. हे आधी माहीत नसले, की अन्न बिघडले असे वाटून रुग्ण ताट बाजूला सारतो. त्या गोळ्यांच्या काळात मद्य वर्ज्य असते, हेही स्पष्ट बजावले जावे.

तंबाखू हे काही अन्न नव्हे, तरी तिचा उल्लेख टाळून या विषयावर प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सुमारे २४ टक्के प्रौढ धूर न होणारी तंबाखू कोणत्या ना कोणत्या स्वरूपात वापरतात. ग्रामीण भागातील कितीतरी स्त्रिया मिश्री लावतात आणि दात दुखत असेल, तर दुखऱ्या जागी मुद्दाम लावतात. विडी-सिगारेटच्या धुराने जखमेचा रक्तपुरवठा कमी होतो आणि झुरका घेताना गुठळी ओढली जाते. मिश्री आणि गालात धरलेली तंबाखू थेट खळग्यात जाते आणि तिच्यामुळे सतत थुंकावे लागते. किमान आठवडाभर, आणि शक्य असल्यास कायमचीच, ती बंद व्हावी. सुपारी आणि पान यांनाही या दिवसांत थारा नको. लवंगेचे तेल, तुरटी, हळदीची पूड असे काहीही घरच्या घरी खळग्यात भरू नये. हळद दुधातून, कोमट करून घेण्यास हरकत नाही.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून बहुतेकांना दुसऱ्या बाजूने मऊ पोळी चावता येते आणि आठवड्याने नेहमीचे जेवण जमू लागते. पापड, चिवडा, चकली, भाजलेले दाणे आणि कडक भाकरी एवढ्यांनाच आणखी काही दिवस थांबवावे लागते. टाके घातलेले असतील किंवा अक्कलदाढ हाड कापून काढली असेल, तर हा काळ वाढतो. दुखणे रोज थोडे थोडे कमी होत जाणे अपेक्षित असते. ते दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान एकाएकी वाढले, तोंडाला दुर्गंधी येऊ लागली, ताप आला, गिळता येईना किंवा तोंड उघडेनासे झाले, तर पथ्य कडक करून घरी बसण्यात अर्थ नसतो. लगेच दवाखाना गाठावा. दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, तर त्याच दिवशी जावे.

कवळी बसवण्यासाठी एकामागून एक बरेच दात काढून घेणाऱ्या वृद्धांची परिस्थिती मात्र आठवड्यात सुधारत नाही. त्यांना कित्येक आठवडे, कधी महिने, चावण्यावाचून काढावे लागतात आणि या काळात त्यांचे वजन झपाट्याने उतरते. त्यांच्यासाठी प्रत्येक जेवणात डाळ, दही, अंडे किंवा पनीर यांपैकी काहीतरी हवेच, शिवाय तूप आणि दूध यांत हात आखडता घेऊ नये, अर्थात हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारून. एकट्या राहणाऱ्या वृद्धाने दात काढायला जाण्याच्या आदल्या दिवशीच मुगाची डाळ आणि तांदूळ भाजून, रवाळ दळून ठेवावेत. त्यात गरम पाणी घालून शिजवले, की दहा-बारा मिनिटांत खिचडीसारखी पेज तयार होते आणि दुखत्या जबड्याने ओट्यापाशी उभे राहावे लागत नाही.

मोलमजुरी करणाऱ्यांचा विचार तर आपल्या सूचनांमध्ये कोठेच नसतो. ज्याला दुसऱ्या दिवशी कामावर जायचे आहे आणि ज्याच्या डब्यात भाकरी-चटणीच असते, त्याला सूप आणि स्मूदी सांगण्याने काय साधणार? डब्यात पातळसर मऊ खिचडी, दही कालवलेला भात, उकडून कुस्करलेले रताळे, केळी हे त्याला परवडणारे आणि नेता येणारे पदार्थ आहेत. उन्हात काम असेल, तर पहिला एक दिवस तरी ते टाळावे, जड ओझे उचलू नये आणि पाणी भरपूर प्यावे, बाटली तोंडाला लावून चोखत न पिता भांड्यातून प्यावे, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांनी पुढाकार घेऊन दात काढलेल्या रुग्णांसाठी एक पानी मराठी माहितीपत्रक तयार करावे आणि ते जिल्हा रुग्णालये, ग्रामीण रुग्णालये व खासगी दंतवैद्यांच्या संघटना यांना मोफत उपलब्ध करून द्यावे. त्यात पहिला दिवस, दुसरा-तिसरा दिवस आणि पुढचा आठवडा असे तीन भाग असावेत. प्रत्येक भागात सकाळ, दुपार आणि रात्र यांसाठी आपल्या घरांत होणारे पदार्थ असावेत. कोकण, देश, मराठवाडा, विदर्भ आणि खानदेश येथील सवयींना त्यात जागा असावी. उपवासाच्या दिवशी वरईची मऊ पेज, दाण्याच्या कुटाशिवाय केलेली बटाट्याची भाजी आणि दूध-केळे चालते, हेही त्यात लिहिलेले असावे. मधुमेहींसाठी वेगळी चौकट हवी. अक्षर मोठे असावे, कारण ते वाचणारे बहुधा साठीच्या पुढचे असतात, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रे असावीत. हे पत्रक रुग्णाच्या हाती दात काढल्यावर द्यायचे नसून तारीख ठरवताना द्यायचे, म्हणजे घरात डाळ-तांदळाची तयारी आधीच होते आणि बधिर तोंडाने, कापूस चावत, माणसाला सूचना ऐकून लक्षात ठेवाव्या लागत नाहीत.

या महाविद्यालयांत शिकणारे विद्यार्थी महाराष्ट्राच्या सर्व भागांतून येतात. प्रत्येकाने आपल्या घरातील एक-दोन पदार्थ लिहून दिले आणि आहारतज्ज्ञांनी ते तपासले, तर असे पत्रक तयार व्हायला फार काळ लागू नये. आपल्या वृत्तपत्राच्या आरोग्यविषयक पानावर त्याचा मसुदा छापून वाचकांकडून सूचना मागवाव्यात, अशी आपल्यालाही विनंती आहे. पदार्थांचे प्रमाण आणि कृती लिहून देण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपली विश्वासू,
आहारशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका,
सातारा